मागे दबलेली कॅटमरान आणि नाळेतल्या टाक्या

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या प्रवासी कॅटमरानची, म्हणजे दोन अंगांच्या जोडहोडीची, जलरेषेवरची लांबी १२ मीटर आहे, प्रत्येक हल, म्हणजे पाण्यात बसणारे प्रत्येक अंग, जलरेषेवर १.२ मीटर रुंद आहे, मिनी-कील, म्हणजे तळाची छोटी पाती, वगळता हलची पाण्याखालची खोली ६० सेंटिमीटर आहे आणि दोन्ही हलच्या मध्यरेषांमध्ये ५.६ मीटर अंतर आहे. गेल्या दोन वर्षांत आपण मागच्या बाजूला सौर पॅनेलची कमान, डॅविटवर, म्हणजे मागच्या टांगणीच्या दांड्यांवर, टांगलेली डिंगी ही छोटी होडी आणि इंजिनांच्या मागच्या कप्प्यांत ज्यादा बॅटऱ्या बसवल्या. एकूण वजन ४२० किलो वाढले. ऑगस्टमध्ये मांडवी नदीत नांगरावर असताना आपण मोजले, तेव्हा मागचे टोक आराखड्यातल्या जलरेषेपेक्षा साडेनऊ सेंटिमीटर खाली आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाच सेंटिमीटर वर होते. टॅक घेताना, म्हणजे नाळ वाऱ्याच्या रेषेतून पलीकडे वळवताना, ती वाऱ्याने मागे ढकलली जाते, असेही आपण लिहिले आहे. यावर उपाय म्हणून दोन्ही हलच्या नाळेत गोड्या पाण्याच्या २०० लिटरच्या दोन टाक्या बसवाव्यात का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. त्या टाक्यांनी होडी बंदरात सरळ दिसेल, परंतु समुद्रात ती आजच्यापेक्षा वाईट वागेल. पुढचा सगळा खुलासा मी आपल्याच होडीच्या आकड्यांवर करतो, कारण प्लावक बलाविषयी मोघम बोलून या बाबतीत काहीच हाती लागत नाही.

प्रथम विस्थापन. हलचा मध्यछेद अर्धवर्तुळाकार धरला आणि टोकांकडे तो जसा निमुळता होत जातो त्यासाठी प्रवासी कॅटमरानला साजेसा ०.६० हा प्रिझमॅटिक गुणांक घेतला, तर एका हलचे पाण्याखालचे आकारमान १२ × १.२ × ०.६ × ०.७८५ × ०.६०, म्हणजे सुमारे ४.०७ घनमीटर येते. दोन्ही हलचे मिळून ८.१४ घनमीटर आणि समुद्राच्या पाण्यात त्याचे वजन सुमारे ८.३५ टन. आराखड्यातली होडी एवढ्याच वजनाची आहे. त्यापुढचा प्रत्येक किलो तिला आणखी खोल बसून पेलावा लागतो, आणि कॅटमरानमध्ये ही किंमत एकहली होडीपेक्षा जास्त पडते, कारण तिचे हल अरुंद असतात. आपल्या दोन्ही हलचे जलरेषेवरचे क्षेत्रफळ मिळून २०.७ चौरस मीटर भरते. म्हणजे होडी एक सेंटिमीटर खाली बसायला फक्त २१२ किलो पुरतात.

दुसरी गोष्ट टोकांच्या वरखाली होण्याची, म्हणजे ट्रिमची. येथे दोन बिंदू वेगळे ओळखावे लागतात. पाण्याखालच्या आकारमानाचा मध्य म्हणजे प्लवनकेंद्र. होडी स्थिर असताना ते गुरुत्वमध्याच्या बरोबर खाली असते. जलरेषेवरच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाचा मध्य हा दुसरा बिंदू. त्याला मी या उत्तरापुरते तरणमध्य म्हणतो. नवे वजन ठेवले की होडी प्लवनकेंद्राभोवती झुकत नाही, तरणमध्याभोवती झुकते. आजच्या बहुतेक प्रवासी कॅटमरानमध्ये प्लवनकेंद्र लांबीच्या मध्याच्या किंचित मागे आणि तरणमध्य त्याच्याही थोडा मागे असतो. आपल्या होडीत तरणमध्य नाळेपासून सुमारे ६.६ मीटरवर धरतो. जलरेषेच्या क्षेत्रफळाच्या विभागणीवरून हिशेब केला, तर दोन्ही टोकांत मिळून एक सेंटिमीटर फरक पाडायला सुमारे १५५ किलोग्रॅम-मीटर आघूर्ण, म्हणजे वजन गुणिले तरणमध्यापासूनचे अंतर, लागते.

आता आपले ४२० किलो पाहा. डिंगी, तिचे आउटबोर्ड इंजिन आणि इंधन मिळून १३० किलो तरणमध्याच्या ६ मीटर मागे. कमान व पॅनेल १५० किलो ५.३ मीटर मागे. बॅटऱ्या १२० किलो ४.६ मीटर मागे. किरकोळ २० किलो ५ मीटर मागे. बेरीज सुमारे २,२२५ किलोग्रॅम-मीटर. म्हणजे एकूण ट्रिम साडेचौदा सेंटिमीटर आणि शिवाय सगळी होडी दोन सेंटिमीटर खाली. यातून मागचे टोक साडेआठ सेंटिमीटर खाली आणि नाळ सहा सेंटिमीटर वर यायला हवी. आपले मोजमाप साडेनऊ आणि पाच असे आहे, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटरचा फरक आहे. तो आपल्या मोजण्यातला दोष नाही. पावसाळ्यात मांडवीच्या पृष्ठभागाचे पाणी बरेच गोडे होते, आणि समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्के हलक्या पाण्यात आपली होडी सगळीकडे सारखीच एक सेंटिमीटर खोल बसते. आपण पट्टी लावून काळजीपूर्वक मोजलेत म्हणूनच हा हिशेब इतका चोख जुळला, याचे मला मनापासून समाधान वाटले.

टाक्यांचा विचार आता करू. त्या नाळेपासून १.२ मीटरवर, म्हणजे तरणमध्याच्या ५.४ मीटर पुढे येतील. ४०० किलो गुणिले ५.४ म्हणजे २,१६० किलोग्रॅम-मीटर. मागच्या आघूर्णाशी ते जवळजवळ बरोबर जुळते आणि ट्रिम शून्यावर येते. कागदावर हे इतके नेटके दिसते की अनेक अनुभवी मालकांनाही याचा मोह पडतो. परंतु होडीवर आता मूळ आराखड्यापेक्षा ८२० किलो जास्त आहेत आणि ती सर्वत्र चार सेंटिमीटर खोल बसली आहे. ब्रिजडेक, म्हणजे दोन्ही हल जोडणारा मधला मजला, आणि पाणी यांतले अंतर तेवढेच कमी झाले. बारा मीटरच्या होडीला ७० सेंटिमीटर अंतर मी किमान मानतो, आणि ज्याने ब्रिजडेकच्या तळावर लाटेचा तडाखा बसताना आतल्या टेबलावरची भांडी उडालेली पाहिली आहेत, तो यातले चार सेंटिमीटर सहज सोडून देणार नाही.

याहून गंभीर परिणाम होडीच्या डुलण्यावर होतो. टोकांना ठेवलेल्या वजनाचे आघूर्ण अंतराच्या प्रमाणात मोजतात, पण लाटेवर नाळ वरखाली होताना जो जडपणा जाणवतो तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन मीटरवरच्या किलोचा परिणाम चार, तर सहा मीटरवरच्या किलोचा छत्तीस. आघूर्णाच्या बाबतीत पुढचे वजन मागच्या वजनाला खोडून काढते. जडपणाच्या बाबतीत दोन्ही वजने एकत्र मिळतात. आपल्या मूळ होडीचे असे जडत्व सुमारे ७५,००० किलोग्रॅम-चौरस मीटर धरता येते. मागच्या सामानाने त्यात १२,०००ची भर घातली आहे, आणि टाक्या जवळपास तेवढीच भर पुन्हा घालतील. म्हणजे मिळून ३१ टक्क्यांची वाढ. अशी होडी समोरून येणाऱ्या लाटेवर उशिरा उचलली जाते, मग गरजेपेक्षा जास्त उचलली जाते आणि पुढच्या लाटेत नाळ खुपसते. अरुंद हलच्या होडीत ही घोडदौड थांबवणारे फारसे काही नसते. ऑस्ट्रेलियातील आराखडाकार लॉक क्रोथर यांनी कॅटमरानच्या नाळेला जलरेषेखाली फुगीर आकार दिला, त्यामागे हीच गती दाबून टाकण्याचा हेतू होता. आपण उलट तीच गती वाढवायला निघाला आहात.

टाक्या जिथे बसवायच्या तिथे हल स्वतः किती वजन पेलतो, हेही पाहण्यासारखे आहे. नाळेपासून सव्वा मीटरवर तो जलरेषेवर जेमतेम ४०-४५ सेंटिमीटर रुंद असतो. त्या भागाच्या एक मीटर लांबीला मिळणारे प्लावक बल १०० ते १३० किलोंच्या आसपास आहे, आणि त्यातच हलच्या कवचाचे व डेकचे वजन आले. तिथे २०० किलोंची टाकी म्हणजे पुढच्या टोकाने आपल्यापुरते वजन न पेलता मधल्या भागाकडून उसने घेणे. शांत पाण्यात हे उसने मिळते. उतरत्या लाटेवर, जेव्हा मधला भाग लाटेच्या पोकळीत असतो आणि नाळ पुढच्या लाटेच्या पाठीत घुसते, तेव्हा ते मिळत नाही.

याच ठिकाणी कॅटमरानच्या समतोलाचे मर्म आहे असे मी मानतो, म्हणून येथे थोडे थांबतो. एकहली होडी वाऱ्याने कलते तेव्हा तिच्या तळातले शिसे तिला सावरते. कॅटमरान सावरली जाते ती वजनाची वाटणी एका हलवरून दुसऱ्या हलवर सरकून. आपल्या होडीत सावरणारे जास्तीत जास्त आघूर्ण ८.३५ टन गुणिले २.८ मीटर, म्हणजे २३.४ टन-मीटर आहे. वाऱ्याकडचा हल पाणी सोडतो त्या क्षणी ते मिळते आणि त्यानंतर कमीच होत जाते. समजा शिडांनी यातले निम्मे आघूर्ण वापरले आहे, म्हणजे शहाण्या तांडेलाने रीफ घेतलेले, म्हणजे शीड आखडलेले, असायला हवे अशी स्थिती आहे. त्या वेळी वाऱ्याआडचा, म्हणजे वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूचा, हल एकूण वजनाच्या तीन चतुर्थांश भार उचलतो. त्याच्यावर दोन टनांहून थोडा जास्त ज्यादा भार येतो आणि तो सुमारे वीस सेंटिमीटर खाली जातो. त्याचबरोबर शिडांची पुढे ढकलणारी ओढ डोलकाठीवर उंच कुठेतरी लागते आणि पाण्याचा रोध खाली लागतो. ही ओढ ३०० किलोंची आणि दोहोंमधले उभे अंतर ९ मीटर धरले, तर २,७०० किलोग्रॅम-मीटरचे, नाळ दाबणारे आघूर्ण तयार होते आणि ट्रिम सतरा सेंटिमीटरने पुढे झुकते. दोन्ही परिणाम एकत्र केले तर वाऱ्याआडची नाळ, लाट जमेस धरण्याआधीच, जवळजवळ तीस सेंटिमीटर खाली गेलेली असते.

यात आराखड्याचा आणखी एक भाग मिसळतो. वाऱ्याआडचा हल खाली जातो तेव्हा त्याला मिळणारे नवे प्लावक बल तरणमध्याशी मिळते. मागचे टोक रुंद आणि चपटे असेल तर हल जसजसा बुडतो तसतसा तो रुंद भाग झपाट्याने पाण्यात येतो, तरणमध्य आणखी मागे सरकतो, मागची बाजू उचलली जाते आणि नाळ दबते. दुसऱ्या बाजूने वाऱ्याकडचा हल हलका होताना हा परिणाम काही अंशी भरून काढतो, पण तो पाण्याबाहेर यायला लागला की भरपाई संपते आणि सगळा भार एकट्या खालच्या हलवर पडतो. म्हणून कॅटमरानचा सर्वांत कमकुवत कोपरा सरळ पुढे नसतो, सरळ बाजूलाही नसतो. तो तिरका, वाऱ्याआडच्या नाळेत असतो. कॅटमरान उलटते तेव्हा बहुधा याच कोपऱ्यावरून, आणि त्याच कोपऱ्यात आपण २०० किलो पाणी ठेवू इच्छिता.

जास्त वजनाने सावरणारे आघूर्ण वाढते, मग होडी अधिक सुरक्षित होणार नाही का, असा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकतो. आकडा वाढतो हे खरे आहे; ८२० किलोंनी तो २३.४ वरून सुमारे २५.७ टन-मीटरवर जाईल. परंतु डोलकाठी, तिच्या तारा, त्यांचे हलवरचे टेके आणि दोन्ही हल जोडणारे तुळे हे सगळे मूळ आघूर्णावर मोजून बांधलेले असतात. एकहली होडी वाऱ्यापुढे झुकून ताण सोडते. कॅटमरान झुकत नाही, म्हणून वाढलेला प्रत्येक टन-मीटर तारांना सोसावा लागतो.

आपली होडी मागेच का दबते, याला थोडा इतिहास आहे. ब्रिटिश आराखडाकार जेम्स व्हॅरम यांनी १९५५-५६ मध्ये ‘टँगारोआ’ ही साडेतेवीस फुटांची जोडहोडी अटलांटिकपार नेली आणि १९५९ मध्ये ‘रोंगो’ ही चाळीस फुटी जोडहोडी न्यूयॉर्कहून आयर्लंडला आणली. ‘रोंगो’चे हल पॉलिनेशियन वळणाचे होते, खोल व्ही आकाराचे आणि दोन्ही टोकांना सारखे निमुळते. अशा हलमध्ये प्लवनकेंद्र आणि तरणमध्य जवळजवळ एकाच जागी राहतात. हल बुडाला तरी ट्रिम फारशी बिघडत नाही, पण सामान वाहण्याची ताकद थोडी असते आणि टोके सारखी असल्याने डुलण्याला विरोधही कमी होतो. पुढे ग्राहकांना मागच्या बाजूला दोन प्रशस्त केबिन, दोन डिझेल इंजिने, पाण्यात उतरण्याच्या पायऱ्या आणि डिंगी टांगायची सोय हवी झाली. हे सगळे पेलण्यासाठी आराखडाकारांनी मागची टोके रुंद केली. मला स्वतःला मध्यम रुंदीचे, जलरेषेच्या अगदी वर थांबणारे मागचे टोक सर्वांत आवडते, परंतु आपली होडी रुंद टोकाची आहे आणि आपल्याला तिच्याशीच जमवून घ्यायचे आहे. आपल्या कोकणातल्या उलांडीच्या, म्हणजे बाजूला दांड्यांनी जोडलेल्या तरंगत्या लाकडाच्या, होडीवर कोणी टोकाला वजन बांधताना मी पाहिलेले नाही. माल मधल्या भागात राहतो आणि उलांडी आपल्या वजनाने एका बाजूने, तर तरंगण्याने दुसऱ्या बाजूने होडी सावरते. आपल्याला तेच तत्त्व लांबीच्या दिशेने पाळायचे आहे.

तेव्हा उपाय वजन वाढवण्यात नसून ते काढण्यात आणि मधे आणण्यात आहे. बॅटऱ्या आधी घ्या. शिशाच्या १२० किलोंच्या जागी तेवढीच वापरण्याजोगी क्षमता असलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या सुमारे ५० किलोंत बसतील. त्या डोलकाठीजवळच्या मुख्य आडभिंतीला लागून, तरणमध्याच्या आसपास ठेवल्या तर ५५० किलोग्रॅम-मीटर एका फटक्यात कमी होतात. चार्जिंगची व्यवस्था त्यांना अनुरूप बदलावी लागेल आणि केबल लांबतील, म्हणून केबलची जाडी पुन्हा मोजून घ्या. आउटबोर्ड इंजिन आणि त्याचे इंधन, मिळून ६० किलो, लांबच्या प्रवासात डिंगीवर ठेवू नका. कॉकपिटच्या पुढच्या कप्प्यात आणा. मात्र पेट्रोलसाठी तो कप्पा बाहेर निचरा होणारा आणि आतल्या भागापासून पूर्ण बंद असला पाहिजे. त्यातून आणखी ३०० किलोग्रॅम-मीटर कमी होतील. मागच्या कप्प्यांत हत्यारे, ज्यादा नांगर, दोरखंड असे जे साठत जाते, त्यातले ८० किलो जरी पाच मीटर पुढे सरकवले तरी ४०० कमी होतात. एका होडीवर मी हे कप्पे रिकामे करवून घेतले, तेव्हा मालकांना स्वतःलाच आठवत नसलेल्या सामानाचा ढीग धक्क्यावर लागला होता.

या तीन गोष्टींनी सव्वाबाराशे-साडेबाराशे किलोग्रॅम-मीटर, म्हणजे आठ सेंटिमीटर ट्रिम परत मिळते. समुद्राच्या पाण्यात मागचे टोक मूळ जलरेषेपेक्षा साडेआठऐवजी साडेचार सेंटिमीटर खाली राहील. आपल्या आराखड्यात ट्रान्सम, म्हणजे हलचा मागचा सपाट शेवट, पाण्यापासून पाच सेंटिमीटर वर दाखवला आहे, म्हणजे तो नुकताच पाण्याबाहेर येईल. हे महत्त्वाचे आहे, कारण बुडालेल्या ट्रान्समच्या मागे पाणी भोवरे घेत ओढले जाते आणि मंद वाऱ्यात त्याचा रोध फार जाणवतो. टॅक घेतानाची आपली तक्रारही बहुतांशी यातूनच सुटावी. मागचे टोक पाण्यात रुतलेले आणि नाळ उचललेली असली की हलची पकड मागे सरकते, उंच नाळेवर वारा बसतो आणि होडी वाऱ्याच्या रेषेतून पलीकडे जाण्याआधीच अडते. सुकाणू किंवा डोलकाठीचा कल बदलण्याच्या फंदात तोवर पडू नये.

उरलेले चार-साडेचार सेंटिमीटर मी तसेच राहू देईन. शिडे भरली की ओढ नाळ दाबतेच, हे वर आले आहे, त्यामुळे बंदरात किंचित मागे बसलेली होडी चालू लागल्यावर सरळ होते. उलट बंदरात अगदी सरळ दिसणारी होडी वाऱ्यात नाक खुपसून चालते. पाण्याचा साठा वाढवायचाच असेल तर तो डोलकाठीच्या अवतीभवती, केबिनच्या तळाखाली वाढवा, म्हणजे पाणी संपत जाईल तशी ट्रिम बदलणार नाही. नाळेतल्या टाक्या महिनाभराच्या प्रवासात रिकाम्या झाल्या की आपला आजचा प्रश्न जसाच्या तसा परत येईल, ही त्यांच्याविरुद्धची आणखी एक बाब. नांगराच्या साखळीलाही हेच लागू आहे. १० मिलिमीटरची ८० मीटर साखळी सुमारे १८० किलो भरते, आणि ट्रिमसाठी ती नाळेकडे नेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चांगल्या आराखड्यांत तिचा कप्पा मुद्दाम डोलकाठीकडे आणलेला असतो. नाळेतला पहिला जलरोधक कप्पा मात्र पूर्ण रिकामा आणि बंद ठेवा. तरंगता ओंडका किंवा जहाजावरून पडलेला कंटेनर धडकला तर पाणी तिथेच अडावे, यासाठी तो आहे.

काहीही हलवण्यापूर्वी एक चाचणी करा. मी धरलेले १५५ किलोग्रॅम-मीटर गुणांकांवरून काढलेले आहेत, आपल्या होडीचा खरा आकडा थोडा वेगळा असू शकतो. वारा पडलेला असताना, भरती-ओहोटीच्या मधल्या स्थिर वेळी, दोन्ही हलच्या दोन्ही टोकांना पाण्याची उंची मोजा. या मोजणीच्या वेळी एकूण २१० किलो वजनाची तीन माणसे डोलकाठीपाशी उभी असू द्या, मग त्यांना डोलकाठीपासून मोजून पाच मीटर पुढे उभे करा आणि पुन्हा मोजा. माझा अंदाज बरोबर असेल तर पुढचे-मागचे मिळून पावणेसात सेंटिमीटर फरक पडेल. पाच पडला तर होडी मी समजतो त्यापेक्षा ताठ आहे, आठ पडला तर अधिक नाजूक. तो आकडा आणि बॅटऱ्या हलवल्यानंतरची जलरेषा कळवा. डिंगी डॅविटवरच ठेवायची की हलकी घ्यायची, हे त्यानंतर ठरवता येईल.